कर्लीच्या खाडीतली सुरगाठ

मुलांनो, सिंधुदुर्ग जिल्ह्याचा नकाशा उघडा बघू. मालवण सापडलं? आता तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं बोट खाली, दक्षिणेकडे सरकवा. तारकर्ली लागेल. तिच्याही पुढे जमिनीची एक चिंचोळी पट्टी दिसेल, टोक काढलेल्या पेन्सिलीसारखी. तिच्या एका अंगाला अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी. हे देवबाग! काही ठिकाणी ही पट्टी इतकी अरुंद आहे की समुद्राकडे तोंड करून चहाचा कप हातात घ्यावा आणि तो संपायच्या आत खाडीच्या काठी जाऊन उभं राहावं. समुद्र सारखा गाजत असतो आणि खाडी मात्र गप्प. पट्टी संपते तिथे नदी समुद्राला मिळते. पलीकडच्या काठावर भोगव्याची पांढरी वाळू चमकते.

देवबाग हे माझं आजोळ. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिथे गेले होते, आणि तुमच्यासाठी एक गोष्ट घेऊन आले आहे. गोष्ट एका होडीची आहे. खरं म्हणजे ती होडीवर वस्तू कशा बसवायच्या याची आहे. हसू नका! ऐका तर आधी.

माझा मामेभाऊ पुण्याला एका कारखान्यात नोकरी करतो. त्याला मासे पकडायचं वेड. दिवाळीला तो घरी आला तोच टेम्पोवर एक भलंमोठं केशरी प्रकरण बांधून. वाडीतली सगळी पोरं गोळा झाली. बारा फूट लांब, जेमतेम पावणेतीन फूट रुंद, दोन्ही टोकांना निमुळती आणि सगळीच्या सगळी प्लास्टिकची अशी ती नाव. तिचं नाव कयाक. हिच्यात आत बसत नाहीत, वर बसतात, घोड्याच्या खोगिरावर बसावं तसं. आणि एकाच वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती.

तेवढ्यात एका चिमुरडीच्या लक्षात आलं, "अगो बाय, हिच्या बुडाक तर भोकां असत!"

खरंच होती. एक-दोन नाही, चांगली सहा. नावेच्या बुडाला आरपार भोकं, तरी नाव बुडत नाही, हे कसं? सांगते. ही कयाक म्हणजे चारी बाजूंनी बंद असा एक पोकळ डबा आहे. पोटात नुसती हवा. आणि ती भोकं म्हणजे वरून खालपर्यंत गेलेल्या नळ्या. बैठकीवर लाटेचं पाणी आलं की नळीतून खाली निघून जातं, पण डब्याच्या पोटात शिरत नाही. मेदूवड्याला मध्ये भोक असतं म्हणून वडा फाटका असतो का? तसंच हे. ही भोकं चालतात. पण डब्याच्या भिंतीला पडलेलं भोक चालत नाही, मग ते मोहरीएवढं का असेना. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मासेमारीच्या कयाकवर सामान फार. रॉड उभे करायला नळकांडी हवीत, नांगर हवा, गळांचा डबा हवा, मासे ठेवायला खोकं हवं. भावानं तर पाण्याखालचे मासे दाखवणारं एक छोटं यंत्रही आणलं होतं. हे सगळं बसवायचं कुठे? त्यानं मामाचं ड्रिल मशीन काढलं आणि एका संध्याकाळी सोळा भोकं पाडून सोळा स्क्रू पिळून मोकळा झाला. सगळं कसं टकाटक दिसत होतं!

शेजारचे आजोबा कुंपणाशी उभे राहून बघत होते. त्यांना अख्खी वाडी 'आजो' म्हणते. ऐंशीच्या घरातले आहेत, पण अजून स्वतःची होडी स्वतः वल्हवतात. आजोंनी विचारलं, "झिला, ह्या सगळा हलला तर?"

"नाही हलणार आजो. स्क्रू मारलेत."

आजो थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि हलवूचा झाला तर?"

भाऊ हसला. आम्हीही हसलो. आजो घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरती होती. भाऊ कयाक घेऊन खाडीत गेला. अंगात तरंगतं जाकीट होतं, तेही मामीनं घातल्याशिवाय दाराबाहेर सोडलं नाही म्हणून. मी काठावर माडाच्या सावलीत बसले होते. त्यानं खाडीच्या मधोमध नांगर टाकला आणि त्याची दोरी आपल्या बैठकीच्या बाजूच्या मुठीला, म्हणजे नावेच्या बरोबर कमरेला, घट्ट बांधली. तासभर सगळं छान चाललं. मग ओहोटी लागली.

ओहोटी म्हणजे काय ते तुम्ही भूगोलात शिकला आहातच. पण पुस्तकातली ओहोटी वेगळी आणि देवबागची वेगळी. सहा तास खाडीत भरत आलेलं समुद्राचं पाणी आणि वरून येणारी नदी, दोन्ही मिळून त्या एका अरुंद तोंडातून बाहेर पडायला धावतात. पाण्याचा रंगही बदलतो. नांगर तळाला धरून, नावेची कंबर दोरीला बांधलेली, आणि पाणी रेटा देतंय. नाव प्रवाहाला आडवी झाली. दोरीची बाजू खाली ओढली जाऊ लागली. भाऊ दुसऱ्या अंगाला झुकला, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती केशरी नाव पलटली. वर फक्त बूड दिसत होतं.

भाऊ वर आला, पण तिथून हलेना. पुढे कळलं की रॉड हरवू नये म्हणून त्यानं त्याला वावभर दोरी बांधली होती. तीच त्याच्या घोट्याला गुंडाळली गेली होती. रॉड नळकांड्यात, नळकांडं नावेला, नाव नांगराला, आणि हे सगळं आमच्या भावाच्या पायाला! नांगराची गाठ सोडावी म्हटलं तर ती ओली होऊन दगडासारखी आवळलेली. मी काठावरून नुसती ओरडत होते. आजो केव्हा होडीत बसले ते मला कळलंच नाही. ते गेले, एका हातानं नाव धरली आणि दुसऱ्या हातातल्या कोयतीनं आधी नांगराची दोरी तोडली, मग पायाची. एक शब्द बोलले नाहीत.

मोबाईल, गळांचा डबा, मासे दाखवणारं यंत्र आणि चष्मा कर्लीच्या तळाशी गेले. मामी दोन दिवस भावाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलायला लागली तेव्हा आम्हाला वाटलं, त्यापेक्षा न बोलणं बरं होतं.

कयाक काठावर आणली तेव्हा ती चौघांना उचलेना. शेपटीकडचं बूच काढलं तर आतून भळाभळा पाणी! म्हणजे नाव उलटायच्या आधीच तिच्या पोटात पाणी शिरत होतं. घरी एक प्रयोग करून बघा. परातीत दोन तांबे पाणी घ्या आणि परात हातात धरून चाला. जरा तिरकी झाली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि परात आणखी तिरकी होते. पोटात पाणी असलेल्या नावेचं तसंच होतं. ती सावरायला जाते आणि पाणी तिला सावरू देत नाही.

पाणी शिरलं कुठून? हे शोधायची युक्ती तुमच्या ओळखीची आहे. सायकलचा पंक्चरवाला काय करतो? आम्ही स्क्रूंभोवती साबणाचं पाणी लावलं, आणि भावानं बुचाच्या भोकातून तोंडानं हवा फुंकली. पाच ठिकाणी बुडबुडे आले! एका ठिकाणी तर स्क्रूच उपटून निघाला होता.

यात स्क्रूचा दोष नाही. गच्चीवरची पाण्याची काळी टाकी बघितली आहे ना? कयाक तशाच प्लास्टिकची असते आणि तशीच बनते. साच्यात प्लास्टिकची पूड घालतात, साचा तापवतात आणि गरगर फिरवतात, की पूड वितळून आतून सगळीकडे सारखी बसते. जाडी फक्त ५-६ मिलिमीटर. एवढ्याशा मऊ भिंतीत स्क्रूचे आटे धरणार तरी किती? रॉड जरा ओढला की नळकांडं डुलणार, स्क्रू सैल होणार, भोक मोठं होणार. बरं, चिकटवून टाकावं तर या प्लास्टिकला गोंद धरत नाही. पटत नसेल तर दुधाच्या पिशवीचा तुकडा धुऊन त्यावर कागद चिकटवा. वाळल्यावर बघा, अख्खा सुटून येईल.

मग करायचं काय? तुमच्या बाबांच्या कोटाचं बटण उलटून पाहा. कापडाच्या मागच्या बाजूला आणखी एक छोटं बटण शिवलेलं असतं. ते कशाला? तर ओढ एका टाक्यावर न येता पसरून यावी म्हणून. कयाकलाही तेच. जिथे झाकण उघडून हात आत पोचतो, तिथे स्क्रूऐवजी आरपार बोल्ट घालायचा आणि आतून रुंद वॉशर किंवा पट्टी लावून नट आवळायचा. हात पोचत नाही तिथे रबराची खास बुचं मिळतात. त्यांच्या आत पितळी नट असतो. भोकात बूच बसवून बोल्ट पिळला की आतल्या बाजूला रबर फुगतं आणि भोक गच्च धरून ठेवतं. पाणीही आत येत नाही. वर सीलंट फासायचं, पण ते पाणी अडवायला. वजन पेलणं हे त्याचं काम नव्हे. आणि सगळे बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. आजोंचं म्हणणं असं, की लोखंडाचो खिळो समुद्र खाता, काथो खायना.

काथ्याचं नाव निघालं म्हणून आजोंच्या होडीबद्दल सांगते. तिच्या एका बाजूला, हात-दोन हात लांब, पाण्यावर तरंगणारा एक लाकडी ओंडका असतो. त्याला उलांडी म्हणतात. लहान होडी लाटेनं कलंडू नये म्हणून ती असते. दोन आडव्या काठ्यांनी ती होडीला जोडलेली असते, आणि त्या काठ्या दोरीनं बांधलेल्या असतात. पूर्वी ही दोरी काथ्याची असे, आता नायलॉनची असते. मी विचारलं, "आजो, खिळे मारले तर जास्त मजबूत नाही का होणार?" ते म्हणाले, "लाट मारता तेव्हा दोरी जरा वाकता, खिळो वाकना. तो मोडता, नाय तर लाकूड फोडता." आपल्या पश्चिम किनाऱ्यावर जुन्या काळी फळ्याही काथ्यानं शिवून जहाजं बांधत. अजिंठ्याच्या लेण्यात एका जहाजाचं चित्र आहे. त्यावरून भारतीय नौदलासाठी असं एक शिवलेलं जहाज गोव्यात बांधलं गेलं आणि २०२५ साली नौदलात दाखल झालं. त्याचं नाव 'कौंडिण्य'.

आणि कयाक तर मुळातच बांधाबांधीतून जन्मलेली! ती आली उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ प्रदेशांतून. ग्रीनलंडमधले इन्युइट लोक सील माशाची (मासा म्हणायची आपली पद्धत, तो सस्तन प्राणी आहे हं!) शिकार करायला ती वापरत. वाहत आलेल्या लाकडांचा सांगाडा, तोही बांधलेला, आणि त्यावर सीलचं कातडं. कातड्याला भोक पडलं तर बर्फाच्या पाण्यात मरण ठरलेलं. म्हणून नावेच्या पाठीवर आडव्या कातडी वाद्या ताणलेल्या असत आणि त्यांच्याखाली भाला, वल्हं, हत्यारं खोचलेली. हात घातला की वस्तू निघाली पाहिजे. भाल्याची लांब दोरी पायात येऊ नये म्हणून समोर एका छोट्या तिवईवर वेटोळं करून ठेवत. दोरीचं दुसरं टोक नावेला नाहीच! ते बांधलेलं असे पाठीमागे ठेवलेल्या, हवा भरून फुगवलेल्या सीलच्या अख्ख्या कातड्याला. सीलला भाला लागला की शिकारी तो फुगा पाण्यात टाकून देई. मग सील ओढणार फुग्याला, नावेला नाही.

हे मी भावाला सांगितलं तेव्हा तो कितीतरी वेळ आपल्या घोट्यावरचा वळ चोळत बसला. आजोंचा प्रश्न आम्हाला आता कळला होता. हलवूचा झाला तर?

मग तीन दिवस आमचा कारखाना चालला. पहिल्यांदा भावानं ड्रिलला हात न लावता कयाक वाळूत ठेवली, तो वर बसला आणि हवेत वल्हं मारू लागला. पोरं खो खो हसत होती. पण त्यामुळे कळलं की उजवं नळकांडं नेमकं कोपरावर येत होतं. खडूनं खुणा केल्या, चार वेळा पुसल्या. जड सामान खाली आणि मध्यभागी. पाण्याच्या रेषेखाली एकही भोक नाही. सोळा भोकांतली सात तर लागणारच नव्हती, ती रबरी बुचांनी बुजवली. रॉडची वावभर दोरी गेली आणि तिथे टेलिफोनच्या वायरसारखी गुंडाळलेली आखूड दोरी आली. मोबाईल (मामाचा जुना) पाणी न शिरणाऱ्या तरंगत्या पिशवीत. जाकिटाच्या छातीवर दोरी कापायची बोथट टोकाची सुरी.

नांगराची गंमत सांगते. तुमच्या शाळेतल्या झेंड्याच्या खांबाला कशी कप्पी असते आणि दोरीचा एकच वेढा असतो? एक बाजू ओढली की झेंडा वर, दुसरी ओढली की खाली. आम्ही तो खांब आडवा केला! कयाकच्या नाळेशी एक कप्पी, शेपटीशी एक, दोन्हींमधून दोरीचा वेढा, आणि झेंड्याच्या जागी एक मोठी कडी. नांगराची दोरी त्या कडीतून ओवायची. आता बसल्या जागेवरून वेढा ओढला की कडी सरकत नाळेवर जाते, आणि नाव प्रवाहाकडे तोंड करून शहाण्यासारखी उभी राहते. वाहत्या पाण्यात नांगर नाळेवर नाही तर शेपटीवर. कमरेला कधीच नाही.

कडीतून आलेलं दोरीचं टोक मात्र बैठकीजवळ बांधायचं होतं. भाऊ बांधायला गेला आणि आजोंनी त्याचा हात धरला. "निरगाठ नको. सुरगाठ."

आता माझीच एक फजिती सांगते. एका वर्षी झेंडावंदनाच्या दिवशी आमच्या शाळेत पाहुण्यांनी दोरी ओढली, पण झेंड्याची घडी सुटेना. पुन्हा ओढली, तरी सुटेना. गाठ आणखीच आवळली. राष्ट्रगीतासाठी सावधान उभी राहिलेली दोनशे मुलं वर बघतायत, आणि गाठ कुणी बांधली होती? मीच! शेवटी शिपाईमामांनी झेंडा खाली घेतला. सुरगाठ म्हणून बांधलेली माझी गाठ निरगाठ झाली होती. तेव्हा आजोंच्या समोर मीही शिकायला बसले. टेबलाच्या पायाला दोरी घेऊन तुम्हीही करा. एक वेढा घ्या, साधी गाठ मारायला लागा, पण टोक पूर्ण बाहेर काढू नका. दोरी दुमडून तिचा फास आत घाला आणि आवळा. बुटाची नाडी बांधताना करता तसं. नांगर खेचतो तिकडून कितीही ओढा, गाठ धरून राहते. शेपूट ओढलं की एका झटक्यात मोकळी. आजोंनी माझ्याकडून ती डोळे मिटून वीस वेळा बांधून घेतली. बांधणं सोपं आहे. शेपूट कुठलं ते अंधारात, ओल्या बोटांना कळायला हवं, म्हणून वीस वेळा.

इन्युइटांचा फुगाही आम्ही चोरला. रिकामा पिवळा तेलाचा डबा, झाकण गच्च लावलेला, नांगराच्या दोरीला कडीच्या पलीकडे, पाण्याच्या बाजूला बांधला. संकट आलं तर शेपूट ओढायचं. दोरी कडीतून निसटते, नाव मोकळी होते आणि नांगराची जागा डबा सांगतो.

निघण्याआधी एक परीक्षा बाकी होती. कमरेइतक्या पाण्यात आम्ही सामान लादलेली कयाक मुद्दाम उलटी केली. खोकं नीट राहिलं, रॉड राहिले, सुरी हाताला लागली. सुटून गेला फक्त पाण्याचा तांब्या. तो आम्ही बांधलाच नव्हता! पुन्हा बूच काढून पाहिलं. पोट कोरडं ठणठणीत.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी भाऊ पुन्हा खाडीत गेला. या वेळी आजोंची होडी शेजारी होती आणि होडीत मी. (मुलांनो, एकट्यानं खाडीत जायचं नाही, आणि जाकिटाशिवाय तर मुळीच नाही. हे वाक्य आईबाबांनी मोठ्यानं वाचावं.) पलीकडच्या काठाला तिवराची झाडं पाण्यात पाय सोडून बसली होती. दुसऱ्या बाजूला, समुद्रावर, रापण ओढणाऱ्या माणसांचा एकसुरी आवाज येत होता. भावाला एक तांबोशी मिळाली, वीतभर. फार मोठी नव्हे, पण मामीशी बोलायला पुरेशी.

मग ओहोटी लागली. खाडीच्या तोंडाकडचं पाणी तसंच रंग बदलू लागलं. कयाक नाळ वर करून उभी होती, पण दोरी ताठ झाली आणि नाळ किंचित खाली दबू लागली. भावानं आजोंकडे पाहिलं. आजो काही बोलले नाहीत. भावानं शेपूट ओढलं.

फटकन दोरी सुटली. पिवळा डबा जागच्या जागी नाचू लागला आणि केशरी नाव हलकी होऊन आमच्याकडे सरकली. भाऊ वल्हं मारत काठाला आला.

ओहोटी सरून पाणी थांबलं तेव्हा आम्ही दोघं डबा आणि नांगर आणायला गेलो. परत आलो तर आजो आमच्या ओट्यावर बसलेले. वाळत टाकलेल्या दोरीचं टोक त्यांनी उचललं, बोटांनी चाचपलं आणि माझ्या हातात दिलं.

"परत बांध बघया, गो बाय," म्हणाले. "आणि चाय टाक."